टीकाचार्य

आमच्या तीर्थपुरीत सप्ताह बसला की सात दिवसांत एकदा तरी तो साप निघतोच. कीर्तन रंगात आलेलं असतं, टाळकरी घामाघूम झालेले असतात, आणि महाराज दृष्टांत लावतात. अंधारात एक माणूस वाटेनं चालला होता. पुढ्यात साप दिसला, अंगाला घाम फुटला. कोणीतरी दिवा आणला, बघतो तर दोरी! तसंच हे जग. अज्ञानाच्या अंधारात दिसतं, ज्ञानाचा दिवा आला की मावळतं. मांडवातली माणसं माना डोलावतात. त्यांतले कितीतरी जण रात्रीची लाइट आली की उसाला पाणी धरायला निघणारे. बांधावरची घोणस आणि मण्यार त्यांनी खरोखर पाहिलेली असते.

लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून हा दृष्टांत ऐकताना मी एकदा विचारलं होतं, "आबा, साप खोटा, पण दोरी तर खरी होती ना? आणि साप कसा असतो हे त्याला आधी माहीतच नसतं, तर तो भ्याला असता का?" आबांनी ओठांवर बोट ठेवलं. कीर्तनात मध्येच बोलायचं नसतं.

हाच प्रश्न चौदाव्या शतकात एका माणसानं आयुष्य पणाला लावून विचारला होता आणि तो माणूस मंगळवेढ्याचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं नाव जयतीर्थ. द्वैत वेदान्ताच्या परंपरेत त्यांना 'टीकाचार्य' म्हणतात. नुसतं 'टीकाचार्य' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही, इतकं ते नाव त्यांचंच आहे. कर्नाटकात त्यांची स्तोत्रं घरोघर म्हटली जातात. महाराष्ट्रात, त्यांच्या जन्मगावाच्या चार-दोन तालुक्यांपलीकडे, त्यांचं नाव सहसा कानावर येत नाही.

त्याचं कारण आपल्या कानांच्या सवयीत आहे. आमचा तालुका घनसावंगी. याच तालुक्यातल्या जांबेला 1608 साली समर्थ रामदास जन्मले. गोदावरीच्या काठानं वर गेलं की एकनाथांचं पैठण. दक्षिणेला आंबेजोगाई, मुकुंदराजांची. हा सगळा मुलूख अद्वैताच्या पाण्यावर वाढलेला. आपल्याकडे 'द्वैत' हा शब्द येतो तोच मुळी नष्ट व्हायला येतो. द्वैत गेलं, द्वैत मावळलं, द्वैताचा मळ धुतला गेला. द्वैत ही एखाद्यानं विचारपूर्वक घेतलेली, पुराव्यानिशी मांडलेली आणि शतकानुशतकं लढवलेली भूमिका असू शकते, हे आपल्या कानांना नवं वाटतं. एरवी आपल्याच मातीत महानुभाव पंथ द्वैतीच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ तो अनादी आणि एकमेकांपासून वेगळे मानतो, आणि ते त्यानं तेराव्या शतकात, थेट मराठीत सांगितलं. पण महानुभावांची वाट वेगळी, वेदांच्या चौकटीबाहेरची. जयतीर्थांनी द्वैत मांडलं ते वेदान्ताच्या भर सभेत, उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं समोर ठेवून, शांकर पंडितांच्याच हत्यारांनी.

या वेदान्ती द्वैताचे प्रवर्तक मध्वाचार्य. जन्म उडुपीजवळच्या पाजक गावचा, काळ साधारण 1238 ते 1317. 'द्वैत' हे नाव ऐकून वाटतं की जगात दोन सारख्याच तोलाच्या शक्ती आहेत असं त्यांचं म्हणणं असावं. तसं ते मुळीच नाही. मध्वांची मूळ विभागणी आहे ती स्वतंत्र आणि परतंत्र अशी. स्वतंत्र एकच, तो विष्णू. बाकी सगळं, म्हणजे जीव असोत की दगडमाती, त्याच्या आधारावर. पण आधारावर असणं म्हणजे खोटं असणं नव्हे, आणि इथेच सगळ्या वादाची मेख आहे. ऊस पाण्याशिवाय उभा राहत नाही. म्हणून ऊस नाहीच, फक्त पाणीच आहे, असं कोणी शेतकरी म्हणेल का? जग पराधीन आहे, तरी खरं आहे.

आणि खरं आहे म्हणजे त्यातले भेदही खरे. मध्व असे पाच भेद मोजतात: ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड वस्तू, एक जीव आणि दुसरा जीव, जीव आणि जड, एक जड आणि दुसरं जड. जालन्याच्या मोसंबीच्या बागेत एकाच झाडाची दोन फळं हातात घेतली तरी ती दोनच राहतात, कितीही सारखी दिसोत. जिवांचंही तसंच. मोक्षातसुद्धा जीव देवात विरघळत नाही. तो वेगळाच राहतो आणि आपल्या वाट्याचा आनंद भोगतो.

मध्वांच्या पहिल्या मोठ्या विजयांपैकी एक गोदावरीच्या खोऱ्यातला. बदरीहून परतताना ते गोदावरीकाठी आले. तिथं पंडितांची सभा भरली. षड्दर्शनांत मुरलेला शोभनभट्ट नावाचा विद्वान वादाला उभा राहिला आणि अखेर त्यांचा शिष्य झाला. 'मध्वविजय' या चरित्रकाव्यात ही हकीकत आहे. हा शोभनभट्ट पुढे पद्मनाभतीर्थ या नावानं मध्वांच्या गादीवर बसला. म्हणजे उडुपीच्या किनाऱ्यावर जन्मलेलं हे मत देशावर आलं ते आमच्याच नदीच्या वाटेनं. पद्मनाभतीर्थ, नरहरितीर्थ, माधवतीर्थ आणि अक्षोभ्यतीर्थ या मध्वांच्या चार शिष्यांनी ते पुढे नेलं. जयतीर्थ या अक्षोभ्यतीर्थांचे शिष्य.

जयतीर्थांचं पूर्वाश्रमीचं नाव धोंडोपंत. वडील रघुनाथपंत मंगळवेढ्याचे देशपांडे, मोठं वतनदार घराणं. जन्म साधारण 1345 चा धरतात. त्या काळाकडे जरा नीट पाहिलं पाहिजे. देवगिरीचं यादवांचं राज्य 1318 मध्ये पार संपलं होतं. 1336 मध्ये तुंगभद्रेकाठी विजयनगर उभं राहिलं आणि 1347 मध्ये बहामनी राज्य. मंगळवेढं भीमेच्या खोऱ्यातलं, कलचुरी बिज्जलाच्या वेळी राजधानीचं गाव. आणि याच गावात 1338 मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी येऊन त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि पंढरीच्या महाद्वारी नेल्या. धोंडोपंत जन्मले तेव्हा ती भिंत पडून दहाएक वर्षंसुद्धा झाली नव्हती. वाड्यातल्या मुलाच्या कानांवर वेशीबाहेरच्या त्या मरणाची गोष्ट पडलीच असेल असं मला वाटतं. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

जयतीर्थांच्या चरित्रात इतिहास आणि आख्यायिका एकजीव झाल्या आहेत, आणि आख्यायिका सुंदर आहे. तरणाबांड धोंडोपंत घोड्यावरून शिकारीला वा फेरफटक्याला निघालेला. ऊन तापलेलं. नदी लागली. तो घोड्यावरून उतरला नाही, ओंजळही केली नाही. घोडा पाण्यात घातला आणि बसल्या जागेवरून वाकून पाण्याला तोंड लावलं. पलीकडच्या काठावर अक्षोभ्यतीर्थ बसले होते. त्यांनी हाक मारून विचारलं, मागच्या जन्मी बैल होतास काय रे? त्या एका प्रश्नानं तरुणाच्या आत काहीतरी हललं. परंपरा म्हणते, तो खरोखरच बैल होता. मध्वाचार्य गावोगाव फिरत तेव्हा त्यांच्या पोथ्यांचं ओझं वाहणारा बैल. आचार्य शिष्यांना पाठ देत तेव्हा तो कान टवकारून उभा राही. आपल्या ग्रंथांवर टीका कोण लिहील असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा आचार्यांनी या बैलाकडे बोट दाखवलं म्हणतात.

ही गोष्ट खरी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एखाद्या विद्यापरंपरेनं आपल्या सर्वांत मोठ्या तर्कपंडिताचं पूर्वरूप म्हणून बैल निवडावा, गुरुजींच्या पोथ्या मुकाट वाहत निमूट ऐकणारा बैल, यात टीकाकाराच्या कामाची केवढी अचूक जाण आहे! जो आधी ओझं वाहतो आणि वर्षानुवर्षं ऐकतो, त्यालाच पुढे बोलायचा अधिकार.

धोंडोपंतानं तिथंच संन्यास मागितला. वडील संतापले आणि त्याला घरी ओढून नेऊन लग्न लावून दिलं. पहिल्या रात्री नववधू खोलीत गेली तर नवऱ्याच्या जागी तिला नाग दिसला. ती किंचाळली. रघुनाथपंत काय ते उमजले आणि मुलाला गुरूंकडे सोडून आले. आयुष्यभर भासलेल्या सापाचा युक्तिवाद ज्यानं खोडला, त्याच्या चरित्रातही एक साप दिसतोच. भक्तांच्या लेखी मात्र तो भास नव्हे, शेषाचा अंश आहे.

माध्व मठाच्या यादीप्रमाणे अक्षोभ्यतीर्थ 1365 मध्ये गेले आणि जयतीर्थ पीठावर आले. 1388 पर्यंत, म्हणजे 23 वर्षं ते पीठावर होते. आयुष्य उणंपुरं त्रेचाळीस वर्षांचं. त्यातला बराच काळ कागिणा नदीकाठच्या मळखेडला आणि यरगोळच्या गुहेत लिहिण्यात गेला असं सांगतात. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. जयतीर्थांच्या वेळी तिथं ना राष्ट्रकूट होते ना त्यांचं वैभव. गुलबर्ग्याच्या सुलतानाचा अंमल होता. संस्कृत पंडिताला आश्रय हवा तर विजयनगराकडे जावं असा तो काळ. हे मात्र गुहेत बसून लिहीत राहिले.

वीसहून थोडे अधिक ग्रंथ. त्यांतले बहुतेक मध्वांच्या ग्रंथांवरच्या टीका. मराठीत 'टीका' या शब्दाचं पुढे फार वाईट झालं. टीका करणं म्हणजे दोष काढणं, असाच अर्थ आपण घेतो. पण ज्ञानेश्वरांची 'भावार्थदीपिका' ही गीतेवरची टीकाच, आणि त्या अर्थानं टीका हा ऋण फेडण्याचा प्रकार आहे. मध्वांची लिहिण्याची रीत फार आखडती. चार शब्दांत एक सिद्धान्त, सहा शब्दांत तीन प्रतिपक्षांचं खंडन. कोणाचं खंडन, कोणत्या ग्रंथातलं, हे सांगायचंच नाही. त्यामुळे त्यांच्या हयातीनंतर प्रतिपक्षाला म्हणता येत होतं की हे नुसतं बोलणं आहे, सिद्ध कुठं केलंय? त्रिविक्रम पंडित आणि पद्मनाभतीर्थ यांनी आधी टीका लिहिल्या होत्या. जयतीर्थांनी त्या पचवून प्रत्येक शब्दामागचा वाद उलगडून ठेवला. ब्रह्मसूत्रभाष्यावर 'तत्त्वप्रकाशिका'. गीताभाष्यावर 'प्रमेयदीपिका', गीतातात्पर्यावर 'न्यायदीपिका'. आणि मध्वांच्या 'अनुव्याख्यान' या पद्यग्रंथावर 'न्यायसुधा'.

'न्यायसुधा' हा डोंगर आहे. वाचस्पती मिश्र, श्रीहर्ष, चित्सुख, कुमारिल, प्राभाकर, बौद्ध, सगळे तिथं येतात. प्रत्येकाला बोलू दिलं जातं आणि मग उत्तर दिलं जातं. नुसत्या पहिल्या सूत्रावरचा विस्तार पाहिला तरी छाती दडपते. माध्व पंडितांत म्हण आहे, माणसानं एक तर सुधा शिकावी नाही तर पृथ्वीचं राज्य करावं. तिसरं काही करण्याजोगं नाही. आजही मठांत विद्यार्थ्यांचं सुधेचं अध्ययन पुरं झालं की 'सुधामंगल' नावाचा सोहळा होतो. आणि एवढ्या ग्रंथाच्या सुरुवातीला हा माणूस म्हणतो की व्याकरणाच्या समुद्रात मी खोल गेलेलो नाही, न्यायशास्त्रातही पारंगत नाही, जे काही आहे ते गुरूंच्या कृपेचं. बैलाची आठवण इथं होतेच.

आता तो साप.

अद्वैती पंडितांचं एक आवडतं अनुमान होतं. जग मिथ्या आहे, कारण ते जाणलं जातं. जे जे जाणलं जातं ते मिथ्या, जशी शिंपल्यावर भासलेली चांदी. डोंगरावर धूर म्हणून तिथं अग्नी, जसा चुलीत, त्याच घडणीचं हे वाक्य. शिंपला चांदीसारखा चमकतो, माणूस उचलायला वाकतो, हातात येतो शिंपला. दोरीवरचा साप तसाच. मध्वांनी या अनुमानाच्या खंडनाला एक छोटा ग्रंथ दिला. जयतीर्थांनी त्यावर टीका तर लिहिलीच, शिवाय 'वादावली' नावाचा स्वतंत्र ग्रंथ रचला, निव्वळ या विषयाला वाहिलेला.

त्यांची पद्धत पहा. ते 'जग खरंच आहे हो' असं ओरडत नाहीत. ते विचारतात, मिथ्या म्हणजे काय? मुळात नसलेलं, सशाच्या शिंगासारखं? तसं तर तुम्हीच म्हणत नाही, कारण सशाचं शिंग दिसत नाही आणि जग दिसतं. मग आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही असं तिसरंच काही, ज्याला तुम्ही अनिर्वचनीय म्हणता? पण तसली वस्तू आम्ही कुठंच पाहिलेली नाही. शिंपल्यावरची चांदी तिथं नव्हतीच, साफ नव्हती; शिंपलाच चांदी म्हणून चुकीचा कळला. वादात दृष्टांत दोन्ही बाजूंना मान्य असावा लागतो. तुमचा दृष्टांतच आम्हाला मान्य नाही, मग अनुमान उभं कशावर राहणार?

पुढचा प्रश्न आणखी खोलवर जातो. जगाचं हे मिथ्या असणं खरं की तेही मिथ्या? खरं म्हणाल तर ब्रह्माखेरीज आणखी एक गोष्ट खरी ठरली, अद्वैत तिथंच मोडलं. मिथ्या म्हणाल तर जग मिथ्या आहे हेच खोटं ठरलं, म्हणजे जग खरं.

आणि मग माझ्या लहानपणीचा प्रश्न, त्याच्या पूर्ण वाढलेल्या रूपात. साप भासण्यासाठी तीन गोष्टी लागतात: समोर खरी दोरी, पूर्वी कुठंतरी पाहिलेला खरा साप, आणि दोघांत काहीतरी सारखेपणा. ब्रह्मावर जग भासलं म्हणता, तर दुसरं खरं जग कुठंतरी असायला हवं, ज्याची आठवण होऊन हे भासलं. ते कुठं आहे? भ्रम समजावून सांगायलाच दोन खऱ्या वस्तू लागतात. भ्रमाच्या दृष्टांतानं 'एकच खरं' हे सिद्ध करायला जाणं म्हणजे दोराच्या दोन टोकांतलं एक कापून गाठ मारायला जाणं.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. अद्वैती म्हणेल, प्रत्यक्ष डोळ्यांना काहीही दिसो, वेद सांगतो की एकच सत् आहे, आणि वेद प्रत्यक्षाहून बलवान. जयतीर्थ उत्तर देतात, वेद ऐकलास कशानं? कानानं. शब्दाला शब्द म्हणून ओळखलंस कशानं? अनुभवानं. ज्याच्या जिवावर वेद तुझ्यापर्यंत पोहोचला, त्या प्रत्यक्षालाच वेद खोटं पाडू शकत नाही. याला ते उपजीव्याचा विरोध म्हणतात. ज्याच्यावर जगायचं त्याचाच गळा धरता येत नाही. म्हणून जिथं श्रुती आणि अनुभव यांत भांडण दिसतं, तिथं श्रुतीचा अर्थ नीट लावायला हवा. वेद अपौरुषेय मानणाऱ्या, कट्टर आस्तिक परंपरेतला संन्यासी साध्या माणसाच्या धडधाकट अनुभवाची बाजू इतक्या निष्ठेनं लढवतो, हे मला या सगळ्यात सर्वांत हृद्य वाटतं.

मग चुकीचं ज्ञान होतं ते कसं, आणि बरोबर कुठलं हे ठरवणार कोण? यासाठी त्यांच्याकडे 'साक्षी' ही कल्पना आहे. इंद्रियं चुकतात, मन चुकतं. पण सुख, दुःख, मी आहे, मला कळतंय हे ज्याला थेट कळतं तो जीवाचा साक्षी चुकत नाही. तपासाची साखळी कुठंतरी थांबायला हवी, नाही तर प्रत्येक पुराव्याला पुरावा मागत बसावं लागेल. 'प्रमाणपद्धती' या तीन परिच्छेदांच्या लहान ग्रंथात त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम या तीन प्रमाणांची ही सगळी मांडणी केली. द्वैत शिकणारा आजही याच ग्रंथापासून सुरुवात करतो. सोपा, आटोपशीर, एकही शब्द जास्त नाही.

वाद हा शब्दही टीकेसारखाच आपल्याकडे बिघडला आहे. टीव्हीवर रोज रात्री जे चालतं त्याला आपण वाद म्हणतो. मध्वांचा 'कथालक्षण' नावाचा छोटासा ग्रंथ आहे, त्यावर जयतीर्थांची टीका आहे, आणि तो निव्वळ वादाच्या नियमांचा आहे. कथा म्हणजे इथं चर्चा. तिचे तीन प्रकार. सत्य कळावं म्हणून सज्जनांनी केलेला तो वाद. जिंकण्याच्या ईर्षेनं केलेला तो जल्प. आणि समोरचा सत्याची चाडच नसलेला असेल तर आपलं मत त्याच्यापुढे न मांडता फक्त त्याचं मत तपासायचं, ती वितंडा. निवाडा करणारे प्राश्निक राग-द्वेषापासून मोकळे आणि सर्व विद्या जाणणारे हवेत. एक तर एकच असावा, नाही तर विषम संख्येत असावेत, म्हणजे कौल अडकणार नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातली माणसं हा विचार करत होती. आमच्या ग्रामसभेत मला याची फार आठवण येते.

जयतीर्थांनी पेटवलेला वाद पुढे तीनशे वर्षं धगधगत राहिला. व्यासतीर्थांनी (निधन 1539) विजयनगरात बसून 'न्यायामृत' लिहिलं आणि 'वादावली'तले मुद्दे कितीतरी पटींनी वाढवले. काशीच्या मधुसूदन सरस्वतींनी त्याला ओळीओळीनं उत्तर देत 'अद्वैतसिद्धी' लिहिली. मिथ्यात्वाच्या त्या कोड्यालाही त्यांनी तोलामोलाचं उत्तर दिलं. स्वप्नात हत्ती दिसला आणि स्वप्नातच तो हत्ती नाहीसा झाला, तर दोन्ही स्वप्नच; नाहीसं होणं खोटं ठरलं म्हणून हत्ती खरा होत नाही. तसं जग आणि त्याचं मिथ्यात्व दोन्ही एकाच पातळीवरचे. या उत्तरानं माझं पूर्ण समाधान होत नाही, पण ते उत्तर आहे, आणि ते ऐकल्याशिवाय जयतीर्थांचा प्रश्न किती खोल गेला होता हेही कळत नाही. सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी भारतीय दर्शनांचा इतिहास लिहिताना वादकौशल्यात जयतीर्थ आणि व्यासतीर्थ यांना भारतीय विचारातलं सर्वोच्च स्थान दिलं.

मधुसूदनांना प्रत्युत्तर दिलं रामाचार्यांनी, 'तरंगिणी' या ग्रंथात. परंपरेप्रमाणे हे गोदाकाठच्या अंबापुरीचे. ते ओळख लपवून मधुसूदनांकडेच 'अद्वैतसिद्धी' शिकले आणि मग खंडन लिहिलं अशी कथा आहे. गोदाकाठचं पुणतांबंही या इतिहासात येतं. आपल्याला ते चांगदेवांच्या समाधीचं गाव म्हणून माहीत आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्यांना पासष्ट ओव्यांत अद्वैत सांगितलं त्यांचं. याच गावच्या पांडुरंगी घराण्यात विद्याधीशतीर्थ जन्मले, माध्वांच्या उत्तरादि मठाचे स्वामी झाले आणि 1631 मध्ये गेले. 'न्यायसुधे'वरची त्यांची 'वाक्यार्थचंद्रिका' पंडितांत अत्यंत मान्यता पावली. वैयाकरण कौंडभट्ट अभिमानानं सांगतो की त्याच्या वडिलांनी, रंगोजीभट्टांनी, केळदीच्या नायकाच्या दरबारात या विद्याधीशांना वादात हरवलं. निकालाची ही नोंद जिंकणाऱ्याच्या मुलाची आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. आणि मंत्रालयाचे राघवेंद्रस्वामी, ज्यांचे मठ आता महाराष्ट्रातही गावोगाव दिसतात, त्यांना 'परिमळाचार्य' म्हणतात ते त्यांच्या 'न्यायसुधे'वरच्या 'परिमळ' टीकेमुळे. लोक गुरुवारी रांगेत उभे राहून ज्यांचं दर्शन घेतात, त्यांनी हयातभर मंगळवेढ्याच्या धोंडोपंतांचा ग्रंथ शिकवला.

आता त्या भिंतीकडे. जयतीर्थांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिलं पाहिजे. माध्वमतात जीव नुसते वेगळे नाहीत, त्यांच्यात जन्मजात उच्चनीच क्रम आहे. याला तारतम्य म्हणतात. काही जीव मोक्षाला योग्य, काही कायम संसारात फिरणारे, आणि काही तमाला, म्हणजे अंतहीन अंधाराला योग्य, आणि हे त्यांच्या स्वभावातच ठरलेलं. हा क्रम जातीचा नाही, आत्म्याचा आहे, असं मताचे अभ्यासक सांगतात आणि ते खरंही आहे. व्यासतीर्थांनी धनगर कनकदासांना जवळ केलं तेही खरं. पण वेदाध्ययनाचा अधिकार त्रैवर्णिकांपुरताच राहिला. मंगळवेढ्याच्या वाड्यात ज्याला 'प्रत्येक जीव वेगळा आणि खरा' हे दिसलं, त्याच गावच्या कुसाखाली गाडल्या गेलेल्या चोखोबांनी देवाकडे जे मागितलं त्याला त्या भव्य तर्कात जागा नाही. जग खरं असेल तर चोखोबांचं दुःखही खरं आहे, मायेचा भास नव्हे, हे जयतीर्थांच्याच विचारातून निघतं. ते वाक्य त्या परंपरेत कोणी पुढे नेलं असतं तर किती वेगळं झालं असतं.

मराठीत ते विसरले गेले याला ग्रंथ संस्कृतात हे एक कारण. दुसरं असं की त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी गायला कन्नड निवडली. पुरंदरदासांपासूनचे हरिदास पंढरीच्याच विठ्ठलाला कन्नडात आळवत राहिले. भीमा-कृष्णाकाठची माध्व घरं मात्र दोन्ही भाषा बोलतात, नावं कुलकर्णी-देशपांडे, कपाळी अक्षता-अंगार आणि अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा. आणि पंढरी त्यांचीही. उत्तरादि मठाचे सत्यध्यानतीर्थ, विसाव्या शतकातले मोठे वादी, 1942 मध्ये पंढरपुरातच समाधिस्थ झाले.

वारकऱ्यालाही आतून दोनच हवे असतात, असं मला पंढरीच्या वाटेवर नेहमी वाटतं. कीर्तनात द्वैत मावळतं, पण गाभाऱ्यात पायावर डोकं ठेवताना एक डोकं असतं आणि एक पाय. ज्ञानेश्वरांनीही 'अमृतानुभवा'त अज्ञानाच्या कल्पनेचं खंडन करायला एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. तिथून निघून त्यांनी जयतीर्थांच्या अगदी उलट दिशेला मुक्काम केला, जग हा त्या एकाचाच विलास म्हणून. पण जग नुसता अंधारातला साप नाही, हे दोघांनाही मान्य होतं.

आषाढी एकादशी होते, गोदाकाठच्या दिंड्या परतीला लागतात. पंढरपुराहून मंगळवेढं पंचवीसएक किलोमीटर. एकादशीनंतर नवव्या दिवशी, आषाढ वद्य पंचमीला, मळखेडला टीकाचार्यांची आराधना असते. कागिणेचं पाणी तोवर गढूळ होऊन चढलेलं असतं, त्यांच्या समाधीच्या वृंदावनासमोर पंडित बसतात, आणि 'न्यायसुधे'तला एखादा उतारा घेऊन एकजण पूर्वपक्ष मांडायला लागतो. समोरचे तो पुरा होईपर्यंत मध्ये बोलत नाहीत.